खापरांची साक्ष : मध्ययुगीन इंग्लंडातील खेड्यांचे कुंभार

इतिहासाचा विषय निघाला की आपल्यापुढे किल्ले, लढाया, सनदा आणि बखरी उभ्या राहतात. हे स्वाभाविकच आहे. ज्यांनी लिहून ठेवले त्यांचा इतिहास आधी लिहिला जाणार. परंतु ज्या काळात हे किल्ले बांधले गेले आणि ह्या सनदा दिल्या गेल्या, त्याच काळात घरोघर रोज चूल पेटत होती, चुलीवर मडके चढत होते, आणि ते मडके कोणीतरी घडवीत होते. तो कोण होता? तो राहत कोठे होता? त्याला माती कोण घेऊ देई, जळण कोण देई, त्याच्या मालाला मोल काय येई, आणि त्यावर त्याचे पोट भरे की नाही? ह्या प्रश्नांची उत्तरे दफ्तरात शोधू गेल्यास हाती फार थोडे लागते. कुंभाराने स्वतः काही लिहून ठेवलेले नाही. आणि ज्यांना लिहिता येत होते त्यांना कुंभाराची आठवण बहुधा दोनच प्रसंगी होत असे. एक, त्याच्याकडून काही येणे असेल तेव्हा. आणि दुसरा, त्याने काही आगळीक केली असेल तेव्हा.

आजच्या विवेचनासाठी आम्ही मध्ययुगीन इंग्लंडातील खेड्यांचे कुंभार हा विषय घेतला आहे. महाराष्ट्रातील श्रोत्यांना इंग्लंडच्या कुंभारांशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील, आणि ते विचारणे योग्यही होईल. त्याचे कारण असे की, त्या देशात ह्या एका धंद्याबाबत दोन्ही साक्षीदार हजर आहेत. जमीनदारांच्या कचेऱ्यांतील नोंदी तेथे शेकड्यांनी टिकल्या आहेत, आणि रानातल्या कुंभारांच्या भट्ट्याही गेल्या शंभर वर्षांत पुष्कळ ठिकाणी काळजीपूर्वक उकरल्या गेल्या आहेत. कागदाची जबानी आणि जमिनीची जबानी एकमेकींशी ताडून पाहता येते. अशी सोय सर्वत्र नसते. ती जेथे आहे तेथे जाऊन पाहावे, आणि मग आपल्या घराकडे वळावे, असा आमचा बेत आहे.

प्रथम कागदाची साक्ष घेऊ. इंग्लंड जिंकल्यावर विल्यम राजाने १०८६ साली सबंध राज्याची पाहणी करविली आणि जमीन, नांगर, गिरण्या, माणसे ह्यांची मोजदाद करून ठेवली. ‘डूम्सडे बुक’ ह्या नावाने ती प्रसिद्ध आहे. एवढ्या मोठ्या ग्रंथात कुंभारांचा उल्लेख सापडतो तो अवघ्या तीन गावी : ऑक्सफर्डशायरमधील ब्लेडन, ग्लॉस्टरशायरमधील हेअरस्फील्ड आणि विल्टशायरमधील वेस्टबरी. ब्लेडनचे उत्पन्न १० शिलिंग, वेस्टबरीचे २०, हेअरस्फील्डचे ४४. कुंभाराचे नाव नाही, घर नाही, चाक नाही. येणे रकमेचा आकडा तेवढा आहे. सबंध इंग्लंडात त्या वर्षी तीनच गावी मडकी घडत होती असे मानणे अर्थातच वेडेपणाचे होईल. जेथे वसूल स्वतंत्रपणे मांडण्याजोगा होता तेथे तो मांडला गेला, इतकाच ह्याचा अर्थ.

पुढे तेराव्या शतकात नोंदी वाढतात. १२६४ ते १२६६ ह्या काळात तिसऱ्या हेन्रीच्या दरबाराकडून थेम्सकाठच्या किंग्स्टन गावी हुकूम गेले, आणि त्यांतून राजाच्या मद्यशाळेसाठी एकूण ३,८०० सुरया मागविण्यात आल्या. राजाघरी मेजवानी झाली की मातीच्या सुरया हजारांनी लागत, फुटत आणि पुन्हा मागविल्या जात. ह्याच काळापासून गावोगावच्या जमीनदारांच्या कचेऱ्यांतून कुंभाराचा उल्लेख अधिक वेळा होऊ लागतो. अमक्याने माती खणण्याबद्दल इतके पेन्स भरले. तमक्याने रानातून जळण उचलल्याबद्दल इतके भरले. फलाण्याने रस्त्यातच माती खणली, खड्डा बुजविला नाही, म्हणून त्यास दंड झाला. साधी सुरई अर्ध्या पेनीच्या आतबाहेर मिळे, आणि त्या वेळी मजुराची दिवसाची मजुरी पेनी-दीड पेनी असे. कागदावरून दिसणारा कुंभार हा असा आहे. चार-दोन एकरांचा, किंवा तेवढीही जमीन नसलेला, रानाच्या कडेला झोपडी करून राहणारा, मातीपासून लाकडापर्यंत प्रत्येक गोष्टीबद्दल काहीतरी भरणारा आणि कवडीमोल वस्तू विकणारा एक गरीब मनुष्य.

हे चित्र खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. पण ते ज्याने काढले तो वसूल घेणारा आहे. आता दुसऱ्या साक्षीदाराला बोलावू.

कुंभाराचा धंदा असा आहे की त्यात नुकसान अटळ आहे. भट्टीत जाळ एका बाजूस जास्त झाला तर मडके वाकते. ओल राहिली असेल तर तडकते. झिलई वितळून दोन भांडी एकमेकांना चिकटली तर दोन्ही जातात. चांगला माल बाजारात जातो आणि देशभर पांगतो. वाया गेलेला माल मात्र कोणी विकत घेत नाही. तो भट्टीच्या बाजूला फेकला जातो आणि तेथेच राहतो. म्हणून भट्टीचा माग काढावयाचा असेल तर चांगल्या भांड्यांमागे जाऊन उपयोग नाही. वाकडी, तडकलेली, चिकटलेली, जास्त भाजून काळवंडलेली खापरे जेथे ढिगाने सापडतात तेथे भट्टी जवळ आहे असे समजावे. असा माल शंभर पावलांपलीकडे वाहून नेण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

सॉल्झबरी शहराला लागून असलेल्या लॅव्हरस्टॉक ह्या गावी असेच झाले. तेथे विसाव्या शतकाच्या मध्यावर अनेक भट्ट्या उकरण्यात आल्या, आणि जॉन मस्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा वृत्तांत १९६९ साली प्रसिद्ध केला. भट्ट्या तेराव्या शतकाच्या सुमाराच्या. पांढऱ्या खडूच्या खडकात लांबट गोल खळगा खणलेला, आणि त्याला समोरासमोर दोन बाजूंनी जाळ घालण्याची तोंडे. शेजारी मोठमोठे खड्डे, आणि त्यांत फेकलेला वाया माल. जवळच क्लॅरेंडनचा राजवाडा होता व त्याभोवती राजाचे राखीव रान होते. राजवाड्याचे उत्खनन १९३० नंतरच्या दशकात झाले होते. राजवाड्यात वापरलेली भांडी आणि लॅव्हरस्टॉकच्या खड्ड्यांत फेकलेली भांडी एका घराण्याची निघाली. राजाच्या ताटाजवळची सुरई आणि कुंभाराच्या उकिरड्यावरचे खापर ह्यांचे नाते असे जमिनीने जुळवून दिले.

ह्या वाया गेलेल्या मालातून काय काय वाचता येते ते पाहण्यासारखे आहे. सुरईवरील झिलईचे ओघळ पुष्कळदा तळाकडे न जाता तोंडाकडे गेलेले दिसतात. म्हणजे भट्टीत ती पालथी मांडली होती. तिच्या बुडावर दुसऱ्या सुरईच्या काठाचा वर्तुळाकार डाग असतो. म्हणजे एकीवर एक अशी उतरंड रचली होती. लाल खापर म्हणजे जाळाला वारा भरपूर मिळाला, करडे म्हणजे तो कोंडला. सुरईच्या जाड कानावर सुरीने भोसकल्यासारख्या खुणा असतात. प्रथमदर्शनी ती नक्षी वाटते, पण तिचे मुख्य काम निराळे आहे. जाड मातीतील ओल आत कोंडली तर भट्टीत कान फुटतो, म्हणून वाफेला वाट करून दिलेली असते. बुडाच्या कडेने अंगठ्याने दाबून काढलेल्या पाकळ्या असतात, आणि त्यांत कधी कधी अंगठ्याच्या रेषाही उमटलेल्या सापडतात. ज्याचे नाव एकाही कागदावर नाही त्याच्या अंगठ्याचा ठसा सातशे वर्षांनी आपल्यासमोर येतो.

भट्टीचा काळ ठरविण्याचीही एक सुंदर युक्ती विसाव्या शतकाच्या मध्यावर हाती आली. मातीत लोहाचे सूक्ष्म कण असतात. माती खूप तापून थंड होते तेव्हा त्या क्षणी पृथ्वीच्या चुंबकत्वाची जी दिशा असेल ती हे कण धरून ठेवतात. ही दिशा शतकानुशतके सरकत असते. तेव्हा भट्टीची भाजलेली जमीन जागेवरून हललेली नसेल, तर तिच्यातील दिशा मोजून ती भट्टी शेवटी कधी पेटली ह्याचा अंदाज करता येतो. मडके हिंडते, म्हणून ते ही साक्ष तितकी देत नाही; भट्टी जागची हलत नाही, म्हणून ती देते. मात्र कोणी तिच्यावर नांगर किंवा फावडे चालविले की ही साक्ष कायमची बुडाली. ही गोष्ट ध्यानात ठेवावी; पुढे आपल्याला तिचे काम पडणार आहे.

आता कुंभाराच्या घरात डोकावू. नॉर्दॅम्प्टनशायरमध्ये रॉकिंगहॅमच्या रानात लिव्हडेन नावाची वस्ती होती. मध्ययुगाच्या अखेरीस ती ओस पडली, आणि म्हणूनच तिच्यावर नवी घरे चढली नाहीत. १९६५ पासून पुढे काही वर्षे तेथे जॉन स्टीन व जेफ्री ब्रायंट ह्यांनी उत्खनन केले. एकाच आवारात राहते घर, मडकी घडविण्याची शाळा, भट्ट्या, मातीचे खड्डे आणि वाया मालाचे ढीग असे सबंध कुंभारवाड्याचे चित्र तेथे निघाले. भांडी चुनखडीच्या बारीक कणांनी भरलेल्या मातीची. सुरयांवर पांढऱ्या मातीचे पट्टे ओढलेले आणि वर हिरवट झिलई. ह्याच रानात लोखंड गाळण्याचाही धंदा चालत असे. पुढे मडक्यांचे दिवस सरल्यावर लिव्हडेनच्या भट्ट्यांत कौले भाजली जाऊ लागली. गिऱ्हाईक बदलले तसा माल बदलला. ब्रायंट ह्यांनी पुढे अशाच घडणीच्या भट्ट्या बांधून स्वतः पेटवून पाहिल्या. जाळ आरंभी किती मंद ठेवावा लागतो, घाई केली की काय होते, वरचे आच्छादन कसे टिकते, हे त्यांतून समजले. भट्टी लावणे हे अडाण्याचे काम नव्हे, ती वर्षानुवर्षांच्या सवयीने आलेली विद्या आहे, हे ज्याला पुस्तकावरून पटत नाही त्याला जाळासमोर पटते.

येथे एक प्रश्न उभा राहतो. हा धंदा रानात का? गिऱ्हाईक तर शहरात. नॉर्मन लोक येण्यापूर्वी स्टॅमफर्ड, थेटफर्ड, इप्सविच अशा शहरांत चाकावर घडविलेल्या भांड्यांचा मोठा धंदा होता, आणि त्यांच्या भट्ट्या शहरांतच सापडल्या आहेत. बाराव्या-तेराव्या शतकांत मात्र तो बहुतांशी खेड्यांकडे गेलेला दिसतो. कारणे शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. शहरात जागा महागली. लाकडी घरांच्या दाटीत भट्टीची आग ही शेजाऱ्यांच्या जिवावरची गोष्ट. आणि मडके हलके असले तरी ते भाजण्यास लागणारे लाकूड जड. लाकूड शहरात नेण्यापेक्षा मडके शहरात नेणे स्वस्त. बर्नवुडच्या रानातील ब्रिल गावचे कुंभार आपल्या सुरया ऑक्सफर्डास पुरवीत, आणि ऑक्सफर्डात जेथे खणावे तेथे ब्रिलची खापरे निघतात. ब्रिलचा हा धंदा तेराव्या शतकापासून एकोणिसाव्यापर्यंत चालला. पॉटर्सपरी, क्रॉकर्टन अशी गावांची नावेच कुंभारांवरून पडली; आपल्याकडे कुंभारगाव, कुंभारवाडा ही नावे पडली त्याच रीतीने.

ह्या माणसाचा माल किती दूर जात होता? कागदावरून पाहिले तर जवळच्या बाजारापर्यंत. जमीन काय म्हणते ते पाहा. नॉर्फोकमध्ये ग्रिम्स्टन नावाचे खेडे आहे, आणि त्याच्या एका वस्तीचे नावच पॉट रो, म्हणजे मडक्यांची आळी. तेथील भट्ट्यांत सुरयांच्या गळ्यांवर दाढीवाल्या माणसाचे तोंड आणि हात काढीत. १९५५ साली नॉर्वेमधील बर्गेन शहराच्या जुन्या बंदरावर मोठी आग लागली. घरे जळाल्यामुळे खालची जमीन मोकळी झाली आणि तेथे पुढे अनेक वर्षे उत्खनन चालले. हे बंदर पूर्वीही अनेकदा जळाले होते. १२४८, १३३२ अशा आगींची साले ठाऊक असल्याने राखेच्या थरांवरून मालाचा काळ सांगता येतो. त्या थरांत ग्रिम्स्टनच्या सुरयांची खापरे निघाली. ज्याची सुरई अर्ध्या पेनीला विकली जाई, त्या खेड्यातल्या कुंभाराचे काम उत्तर समुद्र ओलांडून नॉर्वेच्या घरात पोहोचले होते.

आणखी एक मुद्दा आहे. हिरव्या झिलईला शिसे लागते. शिसे डर्बीशायर आणि मेंडिप येथील खाणींतले. ते ज्या कुंभाराच्या गावात निघत नाही त्याला ते विकत घ्यावे लागते. म्हणजे भट्टी लावण्यापूर्वी हातात पैसा किंवा बाजारात पत हवी. तेव्हा रानात राहणारा हा मनुष्य जगापासून तुटलेला नव्हता. त्याच्या झोपडीपासून खाणीपर्यंत एक वाट जात होती, शहरापर्यंत दुसरी, आणि बंदरापर्यंत तिसरी.

मग दोन साक्षीदारांपैकी खरा कोण? आमच्या मते दोघेही खरे बोलतात, पण निरनिराळ्या गोष्टींबद्दल. कागद सांगतो की कुंभार गरीब होता. जमीन सांगते की त्याचा धंदा गरीब नव्हता. कौशल्य होते, मागणी होती, व्यापार होता. आणि तरीही करणाऱ्याच्या पदरी चार एकर आणि दंडाच्या पावत्या. लाभ वाटेत कोठेतरी मुरत होता : मातीचा मालक, रानाचा मालक, बाजाराचा मालक, बंदरावरचा व्यापारी. हा निष्कर्ष केवळ कागदावरून निघाला नसता, कारण कागद ह्याच मालकांनी ठेवले. आणि तो केवळ खापरांवरूनही निघाला नसता, कारण खापरावर किंमत लिहिलेली नसते. दोन्ही समोरासमोर ठेवली तेव्हाच तो दिसला. श्रम करणाऱ्याचा इतिहास लिहावयाचा तर ही समोरासमोरची तपासणी चुकवून चालणार नाही.

आता आपल्या घराकडे वळू. महाराष्ट्रातील कुंभाराची व्यवस्था इंग्लंडाहून निराळी होती. तो बलुतेदार. गावाला मडकी, परळ, रांजण पुरवावे, संक्रांतीची सुगडे द्यावी, पोळ्याचे बैल द्यावे, लग्नाला आणि मर्तिकालाही त्याचेच मडके. आणि खळ्यावर आपला वाटा घ्यावा. इंग्लंडात काही थोड्या गावांत कुंभार एकवटले आणि तेथून मुलखाला माल गेला. आपल्याकडे कुंभार गावोगाव वाटलेला होता. तेथे भट्टीला भिंती आणि खळगे; येथे पुष्कळ ठिकाणी आवा उघड्यावर रचला जाई. मडक्यांची उतरंड, मध्ये गोवऱ्या आणि काटक्या, वर पेंढा व राख. आवा उतरला की राख उरते आणि भाजलेल्या जमिनीचा तांबूस पट्टा उरतो. त्याची साक्ष नाजूक आहे, आणि म्हणूनच अधिक जपण्याजोगी आहे.

आपल्याकडे हे काम झालेच नाही असे नव्हे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडावर १९४५-४६ साली डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित ह्यांनी उत्खनन केले आणि सातवाहनकाळापासून बहामनीकाळापर्यंतच्या खापरांचा थरवार विचार केला. वैद्यनाथ सरस्वती आणि नवकिशोर बेहुरा ह्यांनी देशभरच्या कुंभारांच्या घडणीच्या पद्धती पाहून १९६६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. शास्त्र आपल्याला अपरिचित नाही. धोका निराळीकडून आहे. आपली खेडी ‘काळी’ आणि ‘पांढरी’ ह्या दोन शब्दांत मावतात : काळी म्हणजे शेते, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, भिंतींची माती आणि खापरे मिळून पांढरीचे टेकाड होते. ती माती शेताला खत म्हणून आणि धाब्यावर घालण्यासाठी गाड्या भरभरून उपसली जाते. शेतकऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. त्याला ती उपयोगी आहे आणि तीत काय आहे हे त्याला कोणी सांगितलेले नाही. परंतु त्या गाड्यांतून कुंभाराचा आवा, त्याची राख, त्याचा वाकडा-तिकडा माल आणि त्या जमिनीने धरून ठेवलेली दिशा, सारेच शेतात पसरले जाते. सनदेची एखादी नक्कल दुसऱ्या दफ्तरात सापडण्याचा संभव असतो. उपसलेल्या पांढरीची नक्कल कोठेही नसते.

ह्यासाठी फार मोठा खर्च किंवा मोठी विद्वत्ता लागते असे नाही. गावातील शिक्षकाने, ग्रामसेवकाने, महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाने आपल्या पांढरीवर एकदा हिंडून यावे. एकमेकांना चिकटलेली किंवा वाकून गेलेली खापरे ढिगाने दिसली तर ती उचलून घरी आणू नयेत. जागा लिहून ठेवावी, गावातील वृद्ध कुंभाराला त्या जागेबद्दल विचारावे, आणि पुरातत्त्व खात्याला अगर जवळच्या संग्रहालयाला कळवावे. गावचा कुंभार हा ह्या कामी कोणत्याही पदवीधराहून चांगला परीक्षक आहे. खापर हातात घेताच आवा कोठे बिघडला हे तो सांगू शकतो. पण चाकावर बसणारे हात गावोगाव कमी होत चालले आहेत, तेव्हा विचारावयाचे ते लवकर विचारले पाहिजे.

लॅव्हरस्टॉकच्या कुंभाराने ती सुरई फेकली तेव्हा ती कोणाच्याच उपयोगाची उरली नव्हती. म्हणून ती सातशे वर्षे जागेवर राहिली आणि वाचणाऱ्याला सापडली. आपल्या गावच्या कुंभाराने फेकलेली मडकीही अशीच जागेवर आहेत. ती तेथे आहेत तोवर आपण ती वाचून घ्यावी, एवढीच आमची विनंती आहे.